टिकली उजवीकडे

“कारखानीस, तुमची माकडं आरशात बघून मेंदू वाढवतात की काय?”

नागपूरच्या शरयू वैरागडे बाई असं म्हणाल्या आणि सगळा हॉल हसला. मीही हसले. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला गंधवार्ताही नव्हती.

पडद्यावर माकडांचे चार मेंदू शेजारी शेजारी मांडले होते. चार ठिकाणच्या चार प्रयोगशाळांनी एमआरआय काढून आणलेले. कानशिलाच्या आतली एक घडी प्रत्येकात लाल रंगवली होती. तिघांच्या माकडांत ती घडी उजवीकडे मोठी, आणि आमच्या माकडांत डावीकडे.

“आमची माकडं डोंगरातली आहेत, बाई,” आमचे प्रमुख कारखानीस सर हसत म्हणाले. “त्यांचं सगळंच वेगळं.”

“माकड डोंगरातलं असो की देवळातलं, घडी अशी बाजू नाही बदलत. मूळ चित्रं काढा. ही सोललेली नकोत.”

सोललेली म्हणजे कातडी, कवटी, कान असं सगळं संगणकाने उतरवून नुसता मेंदू ठेवलेली. आमच्या देवयानीने सोलायच्या आधीचं एक चित्र पडद्यावर आणलं. माकडाच्या डोक्याच्या डाव्या बाजूला एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता.

हॉलमधलं हसणं थांबलं. माझंही.

“ही खुणेची गोळी तुम्ही उजवीकडे लावता ना?” बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “कायम उजवीकडे.”

“मग दोनच गोष्टी होऊ शकतात. चित्र उलटं झालंय, नाही तर गोळी चुकीच्या बाजूला लागलीय. पहिलं असेल तर कारखानीसांचा शोध गेला. दुसरं असेल तर शोध खरा, आणि डॉक्टरबाई चुकल्या. चहा घेऊन या आणि काय ते सांगा.”

त्या डॉक्टरबाई म्हणजे मी, संजीवनी घुले. जनावरांची डॉक्टर. उदगीरला शिकले, सुरुवातीची वर्षं म्हशींची बाळंतपणं करण्यात घालवली आणि मग डोंगराच्या पायथ्याच्या या केंद्रात माकडांना भूल देण्यासाठी आले. या बैठकीसाठी मी जीव टाकून राबले होते, त्यालाही कारण होतं. माकडांच्या मेंदूची चित्रं काढण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी माकड उताणं झोपवणार, कोणी पालथं, कोणाची भूल जड, कोणाची हलकी. त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लागत नव्हतं, आणि प्रत्येक जण आपापली नवी माकडं आणून तेच पुन्हा करत होता. सगळ्यांनी एकच पद्धत धरली, तर एका माकडात चौघांचं भागणार होतं. बाकीची तरी सुटतील, एवढाच माझा हिशोब होता.

आमच्याकडे मशीन नव्हतं. गावातल्या दवाखान्याचं माणसांचं मशीन आम्हाला रविवारी सकाळी मिळायचं. माकडाला भूल द्यायची आणि पालथं झोपवायचं, हनुवटी पुढे, पोरं पोटावर पडून टीव्ही बघतात तसं. मेंदू दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची एक गोळी चिकटपट्टीने लावायची. चित्रात ती चमकते. जिकडे गोळी, तिकडे उजवं. आम्ही तिला टिकली म्हणायचो.

टिकली मी लावायची आणि मोठ्याने म्हणायचं, “टिकली उजवीकडे.” देवयानीने वाकून बघायचं आणि म्हणायचं, “उजवीकडे.” श्वासाचंही तसंच. मी विचारायचं, “श्वास ठीक?” तिने छाती बघून म्हणायचं, “श्वास ठीक.” एकीने बोलायचं, दुसरीने बघून बोलायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आमचं आम्हीच बसवलेलं होतं आणि आरतीसारखं तोंडात बसलं होतं.

देवयानी सप्रे ही सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. आमच्या माकडांत जी घडी डावीकडे मोठी असते असा शोध लावला म्हणून सरांनी परदेशात भाषणं केली, ती घडी हिच्या प्रबंधाचाच विषय. केंद्राच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी शेजारी राहायचो, पण चूल एकच. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मला रजा मिळाली नाही. आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब या पोरीने घातले, उदगीरला जाऊन, आठवडाभर राहून. आई मला म्हणायची, “तुला उशिरा का होईना, बहीण मिळाली बघ.”

बैठकीच्या आधी आम्ही दोघी पायरीवर भाजलेल्या शेंगा खात बसलो होतो, तेव्हा ती मध्येच म्हणाली, “ताई, समजा टिकली कधी चुकून डावीकडे लागली तर गं?”

“तर तू आहेस ना बघायला.”

ती हसली नाही. प्रबंधाचं टेन्शन असेल म्हणून मी तिच्याकडे आणखी शेंगा सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी ती दाजीचा विषय घेऊन आली. दाजी हे आमचं सगळ्यात म्हातारं माकड. जावई जेवायला आल्यासारखा रुबाबात बसायचा, म्हणून दाजी. तरुणपणी मारामारीत एक कान मुळापासून गमावलेला, पण तोरा कमी नाही.

“ताई, बैठकीला जी चित्रं द्यायची, त्यातून दाजीचं काढू या. म्हातारा झालाय तो. जवान माकडांत त्याची मापं बसायची नाहीत. आणि उद्या कोणी म्हणालं, पुन्हा स्कॅन करा, तर त्याला भूल झेपायची नाही.”

मला इतकं बरं वाटलं. या धंद्यात माकडाच्या म्हातारपणाचा विचार कोण करतं? मी म्हणाले, “देवू, तुझ्यासारखी माणसं असती तर मला कसलीच काळजी नव्हती.” आणि दाजी वगळला गेला.

तर, चहाच्या वेळी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“बसा, संजीवनीबाई. हे बघा, माकड पालथं असतं आणि तुम्ही त्याच्या डोक्याशी, समोरून उभ्या. समोरच्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं. होते गफलत. माझीसुद्धा होते.”

“सर, मी म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा डावा पाय कोणता नि उजवा कोणता ते सांगितलेलं आहे. तेही डोळे मिटून.”

“तुमच्या हुशारीबद्दल शंका नाही हो. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की चूक झाली असण्याची शक्यता आहे. बाकी मी सांभाळून घेतो. एका वाक्याचा तर प्रश्न आहे.”

“त्या एका वाक्यानंतर मला कोणी भुलीच्या टेबलाजवळ उभं करेल?”

सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

“आणि चित्र खरोखरच उलटं असलं तर?” मी म्हणाले. “हा नकाशा चारही ठिकाणी जाणार. उद्या त्यावरून कोणी एखाद्या माकडाच्या मेंदूत सुई घालणार, आणि ती भलत्याच बाजूला जाणार. नाही सर. मी चुकलेली नाही. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर देवयानीला विचारा. प्रत्येक वेळी ती वाकून बघते.”

“विचारू की,” सर म्हणाले. फार सहज म्हणाले. मला वाटलं, चला, मिटलं.

हॉलमध्ये परत आल्यावर वैरागडे बाईंनी सरळ देवयानीलाच विचारलं. “तू शेजारी असायचीस ना? गोळी कुठे असायची?”

देवयानी उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

“मी बघत नव्हते, मॅडम. घुले मॅडम म्हणायच्या, मी मागून म्हणायचे. सवयीने.”

एरवी मला ‘ताई’ आणि ‘तू’ म्हणणारी पोरगी, एकदम ‘घुले मॅडम’ म्हणाली. आधी मला तेवढंच ऐकू आलं. बाकीचं नंतर कळलं.

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात. टोणगे मी कैक ओढून काढलेत, म्हशीच्या मालकाचं पडलेलं तोंडही पाहिलंय. पण मालकाला काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. हॉलमधले लोक माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ती मला जास्त झोंबली.

“देवयानी,” मी उभी राहिले. “आणि ‘श्वास ठीक’ म्हणायचीस, तेव्हाही बघत नव्हतीस?”

तिने ओढणीचं टोक सोडून पुन्हा बोटाला गुंडाळलं.

“तुझ्या त्या शब्दावर मी भूल वाढवायचे. समोर जिवंत जनावर असायचं.”

“संजीवनीबाई, भावनेच्या भरात नको,” सर म्हणाले. “चूक कोणाकडूनही होते. आपण तशी नोंद करू आणि पुढे जाऊ. आमची चित्रं बरोबर आहेत एवढं सिद्ध झालं, पुरे आहे.”

“सिद्ध कुठे काय होऊन राहिलं?” वैरागडे बाई म्हणाल्या. “एक म्हणते लावली, दुसरी म्हणते पाहिली नाही. याच्यात सिद्ध काय झालं?”

“बाई, माकडाच्या अंगावर दुसरी काही खूण...” सर बोलू लागले आणि मी पुढचं ऐकलंच नाही.

दुसरी खूण. दाजी. दाजीला उजवा कानच नव्हता.

टिकली चिकटवलेली असते, ती इकडची तिकडे लागू शकते. कान कसा लागेल? दाजीच्या मूळ चित्रात कान ज्या बाजूला नाही ती बाजू उजवी. आणि दाजीचं चित्र इथे का नव्हतं? तो म्हातारा झाला होता म्हणून. त्याला भूल झेपायची नाही म्हणून. मी देवयानीकडे पाहिलं. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच मान खाली घातली. त्या क्षणी मला सगळं समजलं. हॉलमध्ये खोटं बोलली ते एक वेळ मी गिळलं असतं. भीतीने माणूस बोलतो. पण माझी माया कुठे आहे ते बरोबर हेरून तिने तिथेच हात घातला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

“बाई,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, “आमच्याकडे एक माकड आहे. त्याला उजवा कान नाही.”

वैरागडे बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्याचा स्कॅन आहे?”

“तो वगळलाय, वयामुळे,” सर म्हणाले. “म्हणजे, देवयानीने तसं सांगितलं होतं. आमच्याकडे फायली नसतील.”

“तुमच्याकडे नसतील,” बाई म्हणाल्या. “दवाखान्याच्या मशीनमध्ये असतील.”

केंद्राच्या गाडीतून आम्ही पाच-सहा जण गावात गेलो. देवयानी मागच्या सीटवर होती. तिच्या पिशवीत आमच्या दोघींचा डबा होता, सकाळी मीच भरलेला, आणि वळणावळणाला तो आतल्या आत खुळखुळत होता.

दवाखान्यातल्या माणसाने शोधून दाजीचं चित्र काढलं. ते उलटं होतं, म्हणजे डोक्याचा वरचा भाग खाली. मशीन माणसांचं, त्याला वाटायचं पेशंट उताणा आहे. आमचं माकड पालथं. म्हणून चित्र नेहमीच असं यायचं आणि देवयानी ते घरी संगणकावर सरळ करायची. वैरागडे बाई खुर्ची ओढून पडद्याशी बसल्या. एका बाजूला कान स्वच्छ दिसत होता. दुसऱ्या बाजूला कान नव्हता, आणि त्याच बाजूला टिकली चमकत होती.

“टिकली बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “आता हे सरळ कसं केलंस, दाखव.”

देवयानीने एक बटण दाबलं. चित्र सरळ झालं. कान नसलेली बाजू आता डावी ठरली, आणि टिकलीही डावीकडे.

“अगं, उलटं ताट सरळ करायचं तर जागच्या जागी फिरवायचं. तू भाकरीसारखं उलथलंस. उलथलं की डाव्याचं उजवं होतंच ना.” बाईंनी चष्मा पुसला. “सगळीच माकडं अशी उलथलीस?”

देवयानीने होकारार्थी मान हलवली. सरांचा शोध तिथे, त्या दवाखान्याच्या कोंदट खोलीत, संपला.

बाहेरच्या बाकांवर रविवारचे पेशंट बसले होते. सर त्यांच्यासमोरच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “देवयानी, हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस. तुझ्यावर विश्वास टाकला ही माझी चूक.”

तिने सरांकडे पाहिलं. तोंड अर्धवट उघडं, हात गळालेले. तो चेहरा मी ओळखला. दुपारी हॉलमध्ये माझा तसाच झाला असणार. मला वाटायला हवं होतं की बरं झालं, पण तसं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी मी पिंजऱ्यांशी खाणं देत होते तेव्हा ती आली. दाजीने तिला बघितलं आणि गजांशी येऊन बसला.

“सरांना मी होळीच्या सुमारासच सांगितलं होतं, ताई,” ती म्हणाली. “चित्रं उलथली गेलीत म्हणून. ते म्हणाले, प्रबंध होईपर्यंत गप्प बस. मग ही बैठक ठरली, तेव्हा म्हणाले, टिकलीवर ढकलता येईल. मी नाही म्हणाले होते गं. खरंच. मग म्हणाले, सही माझी लागते, विसरू नकोस.”

मी केळी सोलत राहिले. सरांचं मला नवल नव्हतं. सर कधी माझ्या आईच्या घरी राहिले नव्हते.

“आणि दाजीला वगळायचंही त्यांनीच सांगितलं?”

मला वाटलं ‘हो’ म्हणेल. तेवढंच हवं होतं मला. खोटंच ‘हो’ म्हणाली असती तरी मी खरं मानून घेतलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “सरांना दाजीचा कान कुठे माहीत होता? ते इकडे येतात तरी का? ते माझ्याच लक्षात आलं.”

“अच्छा.”

“ताई, तू चिड ना. मार मला. अशी गप्प राहू नकोस.”

“एकच सांग. टिकली बघायचीस का?”

ती रडायला लागली. “प्रत्येक वेळी बघायचे, ताई. वाकून बघायचे. उजवीकडेच असायची. एकदाही चुकली नाहीस तू.”

बघत नसती तर आळशी म्हणून चार शिव्या दिल्या असत्या आणि वर्षा-दोन वर्षांत विसरलेही असते. ती बघत होती. मी दिलेला प्रत्येक शब्द तिने डोळ्यांनी तपासून घेतला होता, आणि तो खरा आहे हे माहीत असून भर हॉलमध्ये टाकून दिला होता.

दाजीने गजांतून हात बाहेर काढला, रोजच्यासारखा तिच्यासमोर. तिने ओढणीने डोळे पुसले, पर्समधून शेंगदाणे काढून त्याच्या तळव्यावर ठेवले. त्याने ते खाल्ले, मग तिचं मनगट धरून उवा शोधल्यासारखं निवांत चिवडत बसला. मला ते बघवलं नाही. मी केळ्यांची सालं उचलली आणि आत निघून गेले. डबा ती क्वार्टरच्या पायरीवर ठेवून गेली होती, न उघडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी बसून एकत्र पद्धत ठरवली. भूल किती, माकड कसं झोपवायचं, चित्र सरळ कसं करायचं. टिकलीचा मुद्दा आला. वैरागडे बाई म्हणाल्या, “घुले बाईंची तऱ्हा चांगली आहे. एकाने लावून बोलायचं, दुसऱ्याने बघून बोलायचं. हेच लिहू.”

“नाही,” मी म्हणाले. “दुसऱ्याने टिकलीवर बोट ठेवायचं. बोट ठेवून मग बोलायचं.”

“तोंडी पुरणार नाही?”

“नाही पुरत.”

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.

देवयानी महिन्याभरात केंद्र सोडून गेली. पुढे बंगळूरला कुठेतरी दुसऱ्या विषयात प्रबंध केला म्हणतात. सरांचं काही बिघडलं नाही. स्वतःची चूक स्वतः जाहीर करणारं केंद्र म्हणून आमचं नाव झालं, आणि चौघांच्या एकत्र योजनेचे प्रमुख म्हणून सरांचीच निवड झाली. दाजी आणखी काही वर्षं जगला. त्याला भूल मी पुन्हा दिली नाही. आई मात्र अजून विचारते, ती तुझी देवू कशी आहे गं, एकदा आण की तिला. मी म्हणते, कामात असते.

बोट ठेवायचा नियम आता कितीतरी प्रयोगशाळांत पाळतात. नवी पोरं विचारतात, कशासाठी हो मॅडम, दिसतंय तर खरं. मी सांगते, पद्धत आहे. मागच्या रविवारीही आमच्याकडच्या नव्या मुलीने टिकलीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “उजवीकडे.” मी मान डोलावली. मग तिचं बोट अलगद बाजूला केलं आणि स्वतः वाकून पाहिलं.

टिकली उजवीकडेच होती. देवयानी होती तेव्हाही ती उजवीकडेच असायची.